ताब्याच्या खटल्यात समुपदेशक घरी येतात तेव्हा

मुलाच्या ताब्याचा अर्ज सुनावणीला येतो, दोन्हीकडचे वकील बोलून होतात आणि न्यायाधीश निकाल न देता समुपदेशकांचा अहवाल मागवतात. त्या क्षणी बहुतेक आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. आता कोणी परकं माणूस घरी येणार, मुलाला एकट्याला बसवून विचारणार, आपल्या संसाराची झडती घेणार, असं वाटू लागतं. वकील "जाऊन या, शांतपणे बोला" एवढंच सांगतात, कारण या भेटीत ते सोबत बसत नाहीत. मग रात्र रात्र जागून लोक समोरच्याविरुद्धचे पुरावे गोळा करतात, मोबाइलमधले स्क्रीनशॉट छापून फाइल जाड करतात. ती फाइल तिथे फारशी उघडलीही जात नाही. समुपदेशकाला हवं असतं ते मुलाचं रोजचं आयुष्य, आणि त्याची तयारी क्वचितच कोणी करून येतं.

कायद्याने न्यायाधीशांवर टाकलेलं काम समजून घेतलं की अहवालाचा हेतूही कळतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सर्वांत वरचं मानलं जातं. आईचा किंवा बापाचा हक्क त्याच्या खाली. त्याहून जुना, आजही सर्व धर्मीयांना लागू असलेला पालक व पाल्य अधिनियम, १८९० मुलाचं वय, लिंग, धर्म, पालकाचं चारित्र्य आणि क्षमता, नात्याची जवळीक या गोष्टी पाहायला सांगतो. मूल समजून मत देण्याइतकं मोठं असेल, तर त्याचं मतही न्यायालय विचारात घेऊ शकतं. ही माहिती वकिलांच्या युक्तिवादातून मिळत नाही. एका बाजूच्या अर्जात बाप राक्षस असतो, दुसऱ्या बाजूच्या उत्तरात आई बेजबाबदार असते, आणि दोन्ही कागदांत मूल कुठेच नसतं. म्हणून १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समुपदेशकांची सोय केली आणि डॉक्टर किंवा कुटुंबकल्याणाचं काम करणाऱ्या जाणकारांची मदत घेण्याची मुभा न्यायालयाला दिली. महाराष्ट्रात पुण्यात आणि मुंबईत १९८९ पासून ही न्यायालयं चालू आहेत. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे असे अर्ज जिल्हा न्यायालयात चालतात. तिथे पूर्णवेळ समुपदेशक असेलच असं नाही, तेव्हा न्यायाधीश स्वतः मुलाशी चेंबरमध्ये बोलून बरंच काही ठरवतात.

तीन गैरसमज आधीच दूर केलेले बरे. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं असं कायदा म्हणतो. त्यावरून पाच पूर्ण होताच मूल आपोआप वडिलांकडे जातं, असं अनेक घरांत सांगितलं जातं. तसं काही नाही. पाच वर्षांनंतर प्रश्न पुन्हा मुलाच्या हिताचाच राहतो. गोव्यातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केलं, की पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत आईने आपली लायकी सिद्ध करायची नसते. ती लायक नाही असं म्हणणाऱ्या वडिलांनी ते दाखवून द्यायचं असतं. आणि वडील हयात असताना आई पालक होऊच शकत नाही, हा समज लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ सालीच मोडीत निघाला. तिसरा गैरसमज पैशाचा. ज्याचा पगार जास्त त्याला मूल, असा हिशेब न्यायालय करत नाही. कमावता पालक पोटगी देऊ शकतो. मुलाच्या तापात उशाशी बसण्याचं काम मात्र पोटगीतून होत नाही.

एकाच खुर्चीतली दोन कामं

समुपदेशकाच्या खोलीत शिरताना एक गोष्ट नक्की विचारा: ही भेट समेटासाठी आहे की ताब्याच्या अहवालासाठी? हा प्रश्न उद्धट नाही, उलट फार उपयोगाचा आहे. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांप्रमाणे समेटाच्या बोलण्यात जे सांगितलं जातं ते गोपनीय असतं. समुपदेशकाला त्याबद्दल साक्षीला बोलावता येत नाही, आणि तो न्यायाधीशांना फक्त समेट झाला की नाही एवढं कळवतो. अहवालाचं काम वेगळं. न्यायालय समुपदेशकाला घरातलं वातावरण, आईवडिलांचे स्वभाव आणि त्यांचं मुलाशी नातं याबद्दल लेखी मत मागू शकतं, आणि ते मत निकालासाठीच मागितलेलं असतं. त्यासाठी समुपदेशक दोन्ही घरांना भेट देऊ शकतो, नातेवाइकांशी, ओळखीच्यांशी बोलू शकतो, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवू शकतो. दोन्ही कामं पुष्कळदा एकाच व्यक्तीकडे, एकाच खोलीत असतात. म्हणून आपण कोणत्या बैठकीत काय बोलतो आहोत, हे माहीत असलेलं बरं. लपवण्यासाठी नव्हे, समेटाच्या बैठकीत "मी दोन पावलं मागे येईन" असं म्हणायला माणूस कचरू नये, यासाठी.

भेटी किती होतील, याचा ठरलेला आकडा नसतो. साधारण क्रम असा दिसतो: आधी आई आणि वडील वेगवेगळे, मग मूल एकटं, मग मूल प्रत्येक पालकासोबत, नंतर गृहभेट, जमल्यास शाळेत चौकशी. समुपदेशकांकडे कामाचा ढीग असतो, तारखा पुढे जातात. या उशिरात एक धोका आहे. मधल्या काळात मूल ज्याच्याकडे असतं, तिथलीच शाळा, तिथलेच मित्र, तिथलीच झोप त्याला सवयीची होते, आणि जमलेली घडी मोडायला न्यायालय सहज धजत नाही. तेव्हा अहवाल येईल तेव्हा येईल असं म्हणून बसू नका. तात्पुरत्या भेटीचा आदेश लवकर मागा आणि मिळालेली एकही भेट चुकवू नका. सहा महिने मुलाला न भेटलेला पालक नंतर कितीही कळवळून बोलला, तरी त्या सहा महिन्यांचं उत्तर त्याला द्यावंच लागतं.

तुम्हाला काय विचारतील

प्रश्न साधे असतात आणि तिथेच माणसं अडखळतात. वर्गशिक्षिकेचं नाव काय? मूल सकाळी कितीला उठतं, शाळेतून कुणासोबत येतं, रिक्षावाल्या काकांचा नंबर तुमच्याकडे आहे का? कोणत्या डॉक्टरांकडे नेता, लसी पूर्ण आहेत का, कशाची ॲलर्जी आहे? जिवलग मित्र कोण? अंधाराला घाबरतं का? गेल्या पालकसभेला कोण गेलं होतं? ज्यांनी हे सारं वर्षानुवर्षं केलं आहे, त्यांना हे प्रश्न जड जात नाहीत. ज्यांचं आयुष्य नोकरीच्या पाळ्यांत किंवा प्रवासात गेलं, त्यांनी न जमलेल्या गोष्टी प्रामाणिकपणे सांगाव्यात आणि यापुढे काय करणार ते ठोस सांगावं: दुपारी घरी कोण असेल, पाळी बदलून मागितली आहे का, स्वयंपाकाचं कसं. "माझी आई सगळं बघेल" हे उत्तर अपुरं पडतं. आजीचा आधार मोलाचा आहे, पण अर्ज तुमचा आहे. मग मुलासाठी तुम्ही स्वतः काय करता, हा पुढचा प्रश्न येणारच.

जोडीदाराबद्दलही विचारतील. त्याच्या किंवा तिच्यात मुलासाठी चांगलं काय आहे, असं विचारलं की बऱ्याच जणांची जीभ टाळूला चिकटते. घरी बसून याचं उत्तर शोधून ठेवा. खरं उत्तर शोधा, पाठ केलेलं नको. गणित तीच शिकवते, पोहायला तोच घेऊन जातो, असं काहीतरी असतंच. रागाने फुटलेल्या संसारातही एखादा पालक हे सांगू शकतो, तेव्हा समुपदेशकाला कळतं की या माणसाकडे मूल राहिलं तरी दुसऱ्याचं दार बंद होणार नाही. माझ्या मते संपूर्ण मूल्यांकनात याहून वजनदार गोष्ट क्वचितच असते.

मात्र समजूतदार दिसण्यासाठी मारहाण लपवू नका. घरात हिंसा झाली असेल, दारूच्या भरात मुलाला इजा झाली असेल, तर ते पहिल्याच भेटीत तारखा, दवाखान्याचे कागद, पोलिसांतली नोंद यांसह सांगा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकारीही मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि मुलाला धोका असेल तर भेट नाकारू शकतात. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर समुपदेशकाच्या भेटीची वाट पाहू नका. पॉक्सो कायद्याखाली त्याची खबर लगेच पोलिसांना द्यावी लागते. आणि हाच आरोप ताबा मिळवण्यासाठी खोटा केला, तर मुलाला तपासण्यांच्या आणि जबाबांच्या चक्रातून जावं लागतं. त्याचं आयुष्य सुरू होण्याआधीच त्याच्यावर हे ओझं टाकणं मला अक्षम्य वाटतं.

मानसिक आजाराचा मुद्दा अनेकदा शस्त्रासारखा वापरला जातो. नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत म्हणून कोणी वाईट आई किंवा वाईट बाप ठरत नाही. औषधं नियमित घेता का, त्रास वाढला तर मुलाजवळ कोण असतं, हे पाहिलं जातं. उपचार लपवलेले नंतर उघडे पडले, तर आजारापेक्षा लपवणं महागात पडतं.

गृहभेटीसाठी घर रंगवू नका. चाळीतली एक खोली असली तरी बिघडत नाही. मूल कुठे झोपतं, अभ्यासाला कोपरा आहे का, गॅलरीला जाळी आहे का, शाळा किती लांब, दुपारी दार कोण उघडतं, हे बघायचं असतं. आई माहेरी, भावाच्या घरी राहत असेल, तर मामा-मामींना मूल घरात हवं आहे का, हेही समुपदेशक हळूच जोखतो. त्या दिवशी पाहुण्यांची गर्दी जमवू नका आणि मुलाला नवा ड्रेस घालून उभं करू नका. आजी-आजोबांना आधी नीट सांगून ठेवा, की सून किंवा जावई यांच्याविषयीची गाऱ्हाणी मुलासमोर एका शब्दानेही काढायची नाहीत. अनेक घरांत आईबाप तोंड आवरतात आणि आजीच्या एका वाक्याने सगळं बाहेर येतं.

मुलाला काय सांगायचं

हा भाग सगळ्यांत नाजूक आहे, आणि यातल्या चुका मुलाच्या अंगावर राहतात. मुलाला पढवू नका. आठ वर्षांचं मूल "बाबांचं वर्तन क्रूर आहे" किंवा "आईला माझ्या भवितव्याची काळजी नाही" अशी वाक्यं बोलू लागलं, की ती कुणाची हे समुपदेशकाला सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं मुलांशी बोलणारी माणसं चित्रं काढून घेतात, खेळणी मांडतात, "ताप आला तर रात्री कोण उठतं?" असं सहज विचारतात. पढवलेलं मूल अशा वेळी गोंधळतं, आपण कुणाचा तरी विश्वासघात करतोय या भीतीने रडतं किंवा गप्प होतं. ते गप्प होणं पुढे घरातही चालू राहतं.

भेटीच्या आदल्या दिवशी मुलाला इतकंच सांगा: "उद्या आपण एका ताईंना भेटायला जाणार आहोत. आईबाबा वेगळे राहतात अशा पुष्कळ मुलांशी त्या बोलतात. तुला जे वाटतं ते सांग, नाही सांगावंसं वाटलं तर नको सांगूस. तुझं कुठलंच उत्तर चुकणार नाही. आई की बाबा असं तुला निवडायचं नाहीये. ते न्यायाधीश ठरवतील." परत आल्यावर "काय विचारलं? तू काय म्हणालास?" असं अजिबात विचारू नका. खायला द्या, खेळायला सोडा. मूल आपणहून काही बोललं तर ऐका, पण त्यावर शाबासकीही देऊ नका आणि डोळ्यांत पाणीही आणू नका.

मोबाइलचंही सांगायला हवं. पती-पत्नींनी एकमेकांची गुपचूप रेकॉर्ड केलेली संभाषणं वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून वापरता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. त्याचा आधार घेऊन मुलाचीच मुलाखत रेकॉर्ड करू नका. "सांग, बाबांनी तुला काय केलं?" असं विचारत, कॅमेरा रोखून केलेला व्हिडिओ बघणाऱ्याला आधी विचारणारा पालक दिसतो.

मूल दुसऱ्या पालकाला भेटायला नकार देत असेल तर? इथे दोन्ही बाजू सावधपणे पाहाव्या लागतात. एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करण्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात घेतली, आणि तेव्हापासून हा आरोप जवळजवळ प्रत्येक अर्जात उतरवला जाऊ लागला. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने बजावलं, की नेमके प्रसंग न दाखवता कुणावर असा शिक्का मारू नये. मूल घाबरून नकार देतं, कंटाळून देतं, मित्राचा वाढदिवस बुडतो म्हणून देतं, किंवा घरात ऐकलेल्या बोलण्यामुळेही देतं. कारण शोधणं हे समुपदेशकाचं काम आहे. तुमचं काम भेटीच्या दिवशी मुलाला जेवू घालून, वेळेवर, त्याच्या आवडत्या गाडीसह पोचवणं, आणि "जाऊन ये, मी चारला इथेच आहे" असं हसून म्हणणं. वांद्र्यासारख्या न्यायालयांत अशा भेटींसाठी मुलांची वेगळी जागा आहे. तिथे दारात तुम्ही मुलाचा हात कसा सोडता, याकडेही लक्ष असतं. ज्याच्याकडे मूल नाही, त्या पालकाने भेटीच्या तासात महागडी खेळणी ओतण्यापेक्षा मुलासोबत जमिनीवर बसावं. पहिली पंधरा मिनिटं मूल अंगाला हात लावू देत नाही, असं बऱ्याचदा होतं. तेव्हा ओढाताण न करता शेजारी बसून काहीतरी रंगवायला घ्यावं, ते बघत बघत जवळ येतं.

अहवाल हाती आल्यावर

समुपदेशकाचं मत न्यायाधीशांवर बंधनकारक नसतं. साक्षी, कागदपत्रं आणि मुलाशी झालेलं स्वतःचं बोलणं यांच्याबरोबर ते ठेवलं जातं. अहवालाची प्रत हवी असेल तर वकिलांमार्फत अर्ज करा. एखादी वस्तुस्थिती चुकली असेल, म्हणजे शाळेचं नाव चुकीचं आहे, तुम्ही गैरहजर होता असं लिहिलंय पण त्या दिवशी तुम्ही रुग्णालयात होता, तर मुद्देसूद लेखी हरकत घ्या. "अहवाल एकतर्फी आहे" एवढ्या शेऱ्याने काही साधत नाही, आणि समुपदेशकावर चिखलफेक केली की उरलेला विश्वासही जातो.

परदेशातल्या मराठी आईवडिलांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. अमेरिकेत हे काम अनेकदा न्यायालयाने नेमलेले स्वतंत्र मानसशास्त्रज्ञ करतात. त्यात लेखी मानसशास्त्रीय चाचण्या असतात आणि खर्च बहुधा पालकांच्याच खिशातून जातो. कॅलिफोर्नियात असा अहवाल सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे वाचून उत्तर तयार करायला वेळ मिळतो. तिथला खटला चालू असताना मुलाला घेऊन पुण्या-नागपूरला निघून येण्याचा मोह टाळा. मुलांना परदेशी नेण्याविषयीच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही म्हणून आपण इथे सुरक्षित आहोत, असा समज करून लोक येतात. पण इथली उच्च न्यायालयं हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करण्याच्या अर्जावर मुलाच्या हिताचा विचार करून त्याला परत पाठवण्याचा आदेश देऊ शकतात, आणि तोवर मुलाची दोन्हीकडची शाळा सुटलेली असते.

निकालात ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याचं नातं तुटत नाही. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मुलाला दोघांच्याही सहवासाचा हक्क आहे, आणि ज्याला रोज भेटता येत नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता आलं पाहिजे. आदेशात भेटीचे वार, सुट्ट्यांची वाटणी, गणपती-दिवाळी कुणाकडे, व्हिडिओ कॉलची वेळ, आजारपणात कुणी कुणाला कळवायचं हे सगळं स्पष्ट लिहून घ्या. "सोयीनुसार भेट" असं मोघम लिहिलं, की पहिल्याच दिवाळीला भांडण ठरलेलं.

आणि हा आदेश कायमचा नसतो. ताब्याचे आदेश परिस्थितीप्रमाणे बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगून ठेवलं आहे. मूल दहावीला गेलं, एका पालकाची बदली झाली, पुन्हा लग्न झालं, मुलगी वयात आली आणि तिला आईजवळ राहावंसं वाटू लागलं, तर नवा अर्ज करता येतो. तोवर आहे तो आदेश पाळा. सुट्टीत आलेलं मूल परस्पर ठेवून घेऊ नका, कारण पुढच्या वेळी समुपदेशक अहवाल लिहायला बसतील, तेव्हा त्या प्रसंगाबद्दल आधी विचारतील.